रिलीफ कोण देतं?

जेन ऑस्टिनच्या ‘पर्सुएशन’ या कादंबरीच्या नवव्या प्रकरणात एक साधा घरगुती प्रसंग आहे. सत्तावीस वर्षांची अ‍ॅन एलियट आजारी भाच्याच्या सोफ्यापाशी गुडघे टेकून बसली आहे. त्याचा दोन वर्षांचा धाकटा भाऊ वॉल्टर मागून येतो, तिच्या पाठीवर चढतो आणि गळ्याला मिठी मारून तिची मान खाली वाकवतो. ती रागावते, विनवते, त्याला बाजूला सारू बघते. पोर काही उतरत नाही. खोलीत एक पाहुणा आहे, तो वर्तमानपत्राआडून तोंडानं दटावतो, पण उठत नाही. आणि मग एकाएकी पाठ हलकी होते. कुणीतरी ती घट्ट बोटं तिच्या गळ्याभोवतून सोडवून पोराला उचलून नेलेलं असतं. ते कॅप्टन वेंटवर्थनं केलं, हे तिला जरा उशिरा कळतं. आठेक वर्षांपूर्वी वडीलधाऱ्यांचं ऐकून ज्याच्याशी ठरलेलं लग्न तिनं मोडलं होतं, तोच हा वेंटवर्थ. अ‍ॅनच्या तोंडून आभाराचा शब्दही फुटत नाही.

या प्रसंगातलं ऑस्टिनचं वाक्य थांबून वाचण्यासारखं आहे. ‘वेंटवर्थनं तिला सोडवलं’ असं ती लिहीत नाही. ‘अ‍ॅनला बरं वाटलं’ असंही लिहीत नाही. अ‍ॅन स्वतःला एका अवस्थेत सापडते, सोडवलं जाण्याच्या अवस्थेत. क्रिया कर्मणी आहे आणि कर्ता वाक्याच्या पार शेवटाला येतो. आधी भार जातो, मग तो कुणी नेला ते उमगतं. इथलं क्रियापद आहे ‘रिलीज’. पुढच्याच प्रकरणात लांबच्या पायपिटीनं थकलेल्या अ‍ॅनला वेंटवर्थ एक अक्षर न बोलता आपल्या बहिणीच्या घोडागाडीत चढवतो. तेव्हा ती मनाशी हिशेब मांडते: या माणसानं आपल्याला माफ केलेलं नाही, पण आपला त्रास त्याला बघवत नाही, तो कमी करावा असं त्याला वाटतंच. तिथे ऑस्टिन शब्द वापरते ‘रिलीफ’.

ऑस्टिन जुलै १८१७मध्ये वारली आणि ही कादंबरी त्याच वर्षाच्या डिसेंबरात बाहेर पडली. दोनशेहून अधिक वर्षांच्या वापरानं रिलीफ, रिलीज, रिलॅक्स, ईज हे शब्द इतके गुळगुळीत झाले आहेत की आता ते उशीच्या जाहिरातीत आणि पोटदुखीच्या गोळीवर सारखेच शोभतात. मराठीतही आपण ते घेतले आहेत, त्यांच्या गुळगुळीतपणासकट. या शब्दांची जुनी खाच मात्र चांगल्या इंग्रजी गद्यात अजून हाताला लागते. ती लागली नाही तर ऑस्टिनसारखी लेखिका फक्त ‘हळुवार’ वाटते, आणि ती तेवढीच नाही.

‘रिलीज’ आणि ‘रिलॅक्स’ ही खरं तर जुळी भावंडं. लॅटिनमधलं सैल करण्याचं एकच क्रियापद जुन्या फ्रेंचमधून झिजत आलं तेव्हा ‘रिलीज’ झालं आणि थेट लॅटिनमधून उचललं गेलं तेव्हा ‘रिलॅक्स’. ‘रिलीफ’च्या मुळाशी वर उचलणं आहे. भिंतीतून उठावानं कोरलेल्या शिल्पाला इंग्रजीत रिलीफ म्हणतात ते त्याच उचलण्यावरून. ‘लीझर’, म्हणजे फुरसत, हा शब्द परवानगी असण्याच्या क्रियापदातून आला. ज्याला मुभा आहे त्याला फुरसत आहे. ‘कम्फर्ट’चा जुना अर्थ बळ देणं. ‘ईज’ला नकाराचा उपसर्ग लावला की आजाराचा इंग्रजी शब्द तयार होतो. ‘काम’, म्हणजे शांत, हा शब्द उष्म्याच्या ग्रीक शब्दापर्यंत नेतात. भर दुपारी उन्हामुळे सगळं ठप्प होतं, ती शांतता. एकूण सुखाचे हे इंग्रजी शब्द जवळपास सगळे वजाबाकीचे आहेत. आधी गाठ होती, ओझं होतं, मनाई होती, ऊन होतं. मग ते गेलं. आणि बहुतेक वेळा ते कुणीतरी घालवलं.

मराठी वाचकाला हे लगेच जाणवावं, कारण आपल्याकडचं व्याकरण वेगळं आहे. आपल्याला हायसं ‘वाटतं’. ते कुणी कुणाला देऊ शकत नाही. ‘मी तुला हायसं दिलं’ असं मराठीत म्हणताच येत नाही. जीव भांड्यात पडतो तोही आपला आपण पडतो, कुणी टाकत नाही. हुश्श आपण स्वतःच करतो. ‘स्वस्थ’ या शब्दात तर स्वतःमध्ये असणं एवढंच आहे, उचलणारा नाही की सोडवणारा नाही. इंग्रजी ‘रिलीफ’ मात्र वस्तूसारखा हाताळता येतो. तो देता येतो, मागता येतो, मंजूर करता येतो, नाकारता येतो, पाठवता येतो, उशिरा पोचू शकतो.

म्हणून वेंटवर्थच्या मनातला तो ‘रिलीफ’ मराठीत आणायचा तर पंचाईत होते. सुटका? अ‍ॅन कुठे अडकलेली नाही. दिलासा? तो शब्दांनी देतात आणि हा माणूस तर तोंड मिटून आहे. आराम? फार ऐसपैस होतं, शिवाय आपल्याकडे आराम पडतो तो तापातून उठलेल्याला. मी ‘तिचा शीण उतरावा’ इथवर येईन, पण त्यात देणारा हात निसटतो आणि प्रसंगाचा सगळा ताण त्या हातातच आहे. ज्याच्याशी आपण बोलूसुद्धा शकत नाही त्याच्याकडून मिळालेली मदत म्हणजे नवं ओझं असतं. गाडीत बसल्यावर अ‍ॅनचे पाय सुटतात, मन सुटत नाही. ऑस्टिनला हे नेमकं माहीत आहे, म्हणून दोन्ही प्रसंगांत ती अ‍ॅनला आभार मानायची सोय ठेवत नाही. पहिल्यात तर वेंटवर्थ मुद्दाम पोराशी दंगा करत बसतो, तिचे आभार ऐकावे लागू नयेत म्हणून.

भार आपोआप विरघळत नाही, तो दुसऱ्या कुणाकडे जातो, हा ‘रिलीफ’मधला अर्थ इंग्रजी रंगभूमीवरच्या सगळ्यांत गाजलेल्या नाटकाच्या दारातच उभा आहे. ‘हॅम्लेट’ सुरू होतं ते पहाऱ्याच्या बदलीनं. कडाक्याची थंडी, मध्यरात्र, फ्रान्सिस्को नावाचा शिपाई गस्तीवर, आणि त्याची जागा घ्यायला बर्नार्डो येतो. या बदलीलाही इंग्रजीत रिलीफ म्हणतात. फ्रान्सिस्को त्याबद्दल आभार मानतो, थंडीची तक्रार करतो, मन खिन्न असल्याचं सांगतो आणि निघून जातो. पुढे साऱ्या नाटकात तो पुन्हा दिसत नाही. भुताला तोंड द्यायला उरतो बर्नार्डो. शेक्सपिअरला हा शिपाई कशाला हवा होता, असा प्रश्न पडतो. मला वाटतं, एका माणसाची सुटका म्हणजे दुसऱ्याची पाळी, हे नाटकानं सुरुवातीलाच दाखवून ठेवलं आहे. हॅम्लेटची पाळी तेव्हा यायचीच असते, आणि त्याच्या जागी उभं राहायला कुणी येणार नसतं.

या अर्थाच्या ‘रिलीफ’ला मात्र मराठीत चोख शब्द आहे: खांदेपालट. हल्ली तो मंत्रिमंडळांच्या बातम्यांत इतका वापरला जातो की त्याचं मूळ विसरायला होतं. तिरडी अर्ध्या वाटेवर ‘विसाव्या’ला खाली ठेवतात, पुढचे खांदेकरी मागे होतात, मागचे पुढे येतात आणि पुन्हा उचलतात. ‘विसावा’ या आपल्या गोड शब्दाचा हा वापर ध्यानात घेतला तर फ्रान्सिस्कोचे आभार मराठी कानाला फार जवळचे वाटतील.

‘रिलीफ’चा आणखी जुना एक अर्थ आहे, आणि तो सुखाचा नाहीच. सरंजामी इंग्लंडमध्ये बाप मेल्यावर वारसाला जमीन परत आपल्या नावावर ‘उचलण्यासाठी’ धन्याला रक्कम भरावी लागे, तिचं नाव रिलीफ. राजे ती मनाला येईल तेवढी उकळत. १२१५च्या मॅग्ना कार्टामध्ये तिला मर्यादा घातली: अर्लच्या वारसाला १०० पौंड, नाइटच्या वारसाला जास्तीत जास्त १०० शिलिंग. म्हणजे या शब्दात देणारा-घेणारा आणि त्यांच्यातली उतरंड सुरुवातीपासून आहे.

पुढे त्याच शब्दाला गरिबांच्या कायद्यात जागा मिळाली. १६०१च्या इंग्लिश कायद्याचं नावच गरिबांच्या रिलीफसाठीचा कायदा. प्रत्येक पॅरिशनं आपापल्या निराधारांना पोसायचं. दोन शतकांनी, १८३४मध्ये, तो खर्च डोईजड झाल्याची ओरड होऊन नवा कायदा आला. धडधाकट माणसाला घरबसल्या मदत शक्यतो बंद, हवी तर वर्कहाउसमध्ये या. तिथलं जगणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जगण्यापेक्षाही कमी हवंसं असलं पाहिजे, हे त्या कायद्यामागचं उघड तत्त्व होतं. मदत अशी द्यायची की मागणाऱ्याला मागू नयेसं वाटेल.

‘ऑलिव्हर ट्विस्ट’मुळे हे सगळ्यांना माहीत आहे. पण या शब्दाच्या दृष्टीनं डिकन्सचं खरं काम ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये आहे, आणि बेटी हिग्डनबद्दल लिहिलं जातं त्यापेक्षा जास्त लिहिलं जायला हवं. ही म्हातारी दुसऱ्यांची पोरं सांभाळते, कपड्यांना इस्त्री करायचा चरक फिरवते आणि आयुष्यभर एकाच गोष्टीला घाबरते: पॅरिशच्या मदतीला. थकल्यावर ती घर सोडून निघते. टोपलीत बारीकसारीक जिन्नस विकत गावोगाव फिरते, कारण एका जागी पडली तर कुणीतरी तिला ‘रिलीफ’ देईल. स्वतःच्या दफनाचे पैसे तिनं झग्यात छातीपाशी शिवून ठेवले आहेत. सरकारी दयेपासून पळणारं हे माणूस डिकन्सनं अतिशयोक्तीनं रंगवलं, अशी तक्रार तेव्हाही होती. त्याचा गळा या प्रकरणांत दाटून येतो आणि तो वाचकाचाही दाटावा म्हणून तो जरा जास्तच रेटतो, हे मान्य. तरी शेवट बघा. रस्त्याकडेला मरायला टेकलेल्या बेटीला लिझी हेक्झम ही कामगार मुलगी भेटते. बेटीची शेवटची मागणी एवढीच की मला वर उचल. लिझी तिचं डोकं अलगद उचलते आणि प्रकरण संपतं. लॅटिनमध्ये ‘रिलीफ’ म्हणजे उचलणं, हे डिकन्सच्या मनात होतं की नाही याला महत्त्व नाही. सरकारनं पळवलेला शब्द इथे त्याच्या मूळ अर्थासकट एका माणसाच्या हातात परत येतो, आणि ते डिकन्सला तो शब्द न उच्चारता साधतं.

आपल्या मुलखाला हा शब्द सरकारी रूपातच आधी भेटला. १८७६–७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये खडी फोडायची, तळी खणायची जी कामं निघाली त्यांना सरकारी इंग्रजीत ‘रिलीफ वर्क्स’ म्हणत. सर रिचर्ड टेंपलनं त्या काळात मजुराचं रोजचं धान्य एक पौंडावर, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमवर आणलं, वर एखादा आणा. लोकांनी त्या कामांना ‘दुष्काळी काम’ म्हटलं. ‘रिलीफ’चं भाषांतर करायच्या फंदात कुणी पडलं नाही, हे मला भाषेच्या शहाणपणाचं लक्षण वाटतं.

‘रिलॅक्स’ची गोष्ट वेगळी. आज तो सगळ्यांत निरुपद्रवी शब्द आहे, म्हणूनच त्याचा पूर्वेतिहास दचकवतो. अठराव्या शतकातल्या इंग्लिश वैद्यकात शरीराचे तंतू सैल पडणं हा दोष होता. जॉर्ज चेनी या डॉक्टरनं १७३३मध्ये ‘द इंग्लिश मॅलडी’ लिहिलं, त्यात खिन्नतेपासून अपचनापर्यंत पुष्कळ दुखणी तंतूंच्या ढिलेपणाशी जोडली आहेत. व्हिक्टोरियन काळात घसा बसला, सुजला तर त्याला ‘रिलॅक्स्ड’ घसा म्हणत. सैल होणं म्हणजे कमजोर होणं, शिस्तीला चीर जाणं. याहून अंगावर येणारा अर्थ इन्क्विझिशनच्या कागदांत आहे, आणि त्याची एक शाखा गोव्यात होती, १५६०पासून १८१२पर्यंत, मधली काही वर्षं सोडून. धर्मन्यायालय स्वतः रक्त सांडत नसे, म्हणून ज्याला जाळायचं त्याला ते राजसत्तेच्या हाती ‘सैल सोडत’ असे. पोर्तुगीज कागदांत अशा माणसाला ‘रेलाशादु’ म्हटलं आहे आणि इंग्रजी इतिहासकार तिथे बिनदिक्कत ‘रिलॅक्स्ड’ लिहितात. योगवर्गाच्या फलकावरचा हा शब्द एके काळी चितेकडे नेणारा होता, हे ठाऊक असल्यानं कुणाचं शवासन बिघडणार नाही. पण हाही सोडण्याचाच शब्द आहे, आणि कोण कुणाला कुणाच्या हाती सोडतंय हा प्रश्न त्यालाही चिकटलेला आहे, एवढं दिसतं.

हा दोष सद्गुण कधी झाला? फार मागे जावं लागत नाही. विल्यम जेम्सनं १८९९च्या एका पुस्तकात शिथिलतेच्या शुभवर्तमानावर व्याख्यान छापलं. अमेरिकन माणूस विनाकारण ताठलेला असतो, चेहऱ्याचे स्नायू सोडा, मन मागोमाग येईल, असा त्याचा सूर. जेम्स हा लिहिणारा माणूस होता. त्याच्या गद्यात खेळकरपणा आहे, आणि तो श्रोत्यांना गंमत केल्यासारखा सुचवतो. पस्तीस वर्षांनी शिकागोच्या एडमंड जेकबसन या डॉक्टरनं सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं. स्नायू आधी आवळायचे आणि मग सोडायचे, ही त्याची पद्धत आजही वापरात आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती शीर्षकाबद्दल: ‘यू मस्ट रिलॅक्स’. १९३४ साल, मंदीचा काळ, आणि सैल होण्याचा हुकूम. सैल होण्याला आता मोकळं करणारा उरलेला नाही. तुम्हीच गाठ, तुम्हीच सोडवणारे, आणि सुटली नाही तर दोषही तुमचाच. आपल्याकडे शाळेच्या कवायतीत ‘सावधान’नंतर ‘विश्राम’ म्हणतात तेव्हा हात पाठीमागे बांधलेले असतात आणि हलायचं नसतं. जेकबसनचं शीर्षक मला तशा ‘विश्राम’सारखं ऐकू येतं. आज फोनवरची ध्यानाची अ‍ॅपं मऊ आवाजात जे इंग्रजी बोलतात, त्याचं व्याकरणही आज्ञार्थीच आहे: सोडा, श्वास घ्या, जाऊ द्या. ऑस्टिनच्या कर्मणी वाक्यात जो दुसरा माणूस होता तो इथून गेला आहे. मला हे गद्य म्हणून गरीब वाटतं. मानसोपचार म्हणून ते कसं आहे, हा माझा प्रांत नाही.

हळू चालण्याच्या शब्दांकडे वळलं की हीच परवानगीची गोष्ट रस्त्यावर येते. हे शब्द इंग्रजीत भरपूर आहेत आणि त्यांच्या रंगछटांवर शब्दकोश खुशीत येतात. काही घोड्यांकडून आले आहेत. ‘अँबल’ ही घोड्याची आरामशीर चाल होती. ‘कॅन्टर’ तर कँटरबरीच्या यात्रेकरूंच्या घोड्यांची दुडकी चाल. ‘मिएंडर’ ही आजच्या तुर्कस्तानातली वळणं घेत जाणारी नदी. पण माणसाच्या पायांसाठी असलेल्या शब्दांना एक वास येतो, पोलिसांचा. ‘स्ट्रोल’ सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत दिसू लागला तो भटक्यांच्या संदर्भात. गावोगाव फिरणाऱ्या नटांना ‘स्ट्रोलिंग’ म्हणत, आणि १५७२च्या कायद्यानं कुणा सरदाराचा आश्रय नसलेले नट भटक्या गुन्हेगारांतच धरले होते. ‘लॉइटर’, म्हणजे रेंगाळणं, हा शब्द १८२४च्या भटकेगिरीच्या कायद्यात बसला. संशयित माणूस गुन्ह्याच्या हेतूनं रेंगाळतोय, एवढ्यावर अटक करण्याची त्यात तरतूद होती. १९७०च्या दशकात लंडनच्या पोलिसांनी ती कृष्णवर्णीय तरुणांवर सर्रास वापरली. १९८१मध्ये ती रद्द झाली. रेंगाळणं हे जवळजवळ सगळ्या भाषांत थोडं आळशी, थोडं गोड क्रियापद आहे. इंग्रजीत ते कित्येक दशकं फौजदारी होतं.

‘सॉन्टर’चा प्रवास याहून गमतीदार. या शब्दाचं मूळ नक्की कुणाला माहीत नाही. डॉ. जॉन्सननं १७५५च्या कोशात एक व्युत्पत्ती दिली. पवित्र भूमीला निघालोय असं सोंग करून भीक मागत हिंडणारे रिकामटेकडे लोक असत, त्या फ्रेंच ‘सँत तेर’वरून ‘सॉन्टर’. किंवा ‘साँ तेर’वरून, ज्याला ठावठिकाणा नाही असा. भाषाशास्त्रज्ञ दोन्ही मानत नाहीत. पण थोरोच्या ‘वॉकिंग’ या निबंधात, तो मेल्यावर महिन्याभरात, जून १८६२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हीच कथा येते आणि उलटी होऊन येते. जॉन्सनचे भिकारी खोटे यात्रेकरू होते. थोरो म्हणतो, खरा भटक्या तोच खरा यात्रेकरू, आणि जो कुठेच घर मानत नाही त्याला सगळीकडे सारखंच घर. एका चुकीच्या व्युत्पत्तीवर उभा असलेला हा निबंध मला आवडतो. तरी वाचताना टोचतं हे की बेघर असणं थोरोला रूपक म्हणून परवडतं. संध्याकाळी तो काँकॉर्डमध्ये घरी परततो. आवडीनं हिंडणारा आणि नाइलाजानं हिंडणारा यांना एकाच शब्दात कोंबून तो पहिल्याला संत करतो, दुसरा निबंधातून गायब होतो.

डोरोथी वर्डस्वर्थच्या डायरीत तो गायब होत नाही. ग्रासमियरची ही डायरी १४ मे १८०० रोजी सुरू होते. भाऊ विल्यम काही दिवसांसाठी निघून गेला आहे. ती तळ्याकाठच्या दगडावर बसून मनसोक्त रडते आणि मग मन जरा हलकं झाल्याची नोंद करते. तिथे शब्द ‘ईज’च्याच कुळातला आहे. पुढे पानोपानी ‘सॉन्टर’ येतं, बागेत, तळ्याकाठी, भावाबरोबर. आणि त्याच पानांवर, सुरुवातीच्या नोंदींपासूनच, दाराशी भीक मागायला आलेल्या बाया, पोरं, सैन्यातून सुटलेले शिपाई, खलाशी. ३ ऑक्टोबर १८००च्या नोंदीत जवळजवळ दुमडलेला एक म्हातारा भेटतो. तो जळवा गोळा करून विकायचा, आता जळवा मिळत नाहीत. विल्यमनं पुढे त्याच्यावर कविता केली आणि तिथे म्हातारा जवळपास दैवी झाला. डोरोथीकडे त्याचा कोट आहे, त्याची पिशवी आहे, मेलेली मुलं आहेत, जळवांचा भाव आहे. ती त्याच्या चालण्याला शोभेचा शब्द देत नाही. आपण फिरतो आणि तो हिंडतो, हे तिच्या शब्दांनाच ठाऊक आहे.

कारण तिलाही चालण्याचा जाब द्यावा लागला होता. १७९४मध्ये ती केंडलहून ग्रासमियरपर्यंत १८ मैल आणि पुढे केझिकपर्यंत १५ मैल चालली. मामीनं पत्रातून खडसावलं, मुलीच्या जातीनं पायी भटकायचं म्हणजे काय? डोरोथीचं उत्तर सभ्य आहे आणि अडलेलं नाही. निसर्गानं दिलेलं बळ वापरलं याचं माझ्या हितचिंतकांना बरं वाटेल असं समजत होते, ती कळवते. शिवाय गाडीचे निदान तीस शिलिंग वाचले. हा तीस शिलिंगांचा हिशेब मला त्या पत्रातली सगळ्यांत बोलकी गोष्ट वाटते. आनंद हे कारण पुरेसं नव्हतं, काटकसर पुरेशी होती. १८१३च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये एलिझाबेथ बेनेट तीन मैल चिखल तुडवत नेदरफील्डला पोचते तेव्हा तिच्याकडे आजारी बहिणीचं कारण आहे, तरी घागऱ्याच्या काठाला लागलेल्या चिखलाची चर्चा व्हायची ती होतेच.

व्हर्जिनिया वुल्फच्या ‘स्ट्रीट हाँटिंग’ या १९२७च्या निबंधात हे कारण एका पेन्सिलीएवढं उरलं आहे. हिवाळ्यातली संध्याकाळ, चहा आणि रात्रीचं जेवण यांच्या मधली वेळ. बाईला लंडनमध्ये उगाच फिरायचं आहे, म्हणून ती पेन्सिल आणायला निघते. पेन्सिलीचं निमित्त हे निमित्तच आहे, हे ती पहिल्या ओळींपासून कबूल करते. ही बाई बुद्धिमान आहे, स्वतःच्या घरात राहते, स्वतःच्या पुस्तकांवर मिळवते. तरी विनाकारण दाराबाहेर पडायला तिला कारण लागतं. या निबंधाला ‘तरल’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. तरल तो आहेच. वुल्फचं वाक्य वाहतं, दुकानांच्या उजेडावरून घसरतं, स्वतःचं ‘मी’पण घरात ठेवून गर्दीत विरतं. पण ते कुठे अडखळतं तेही पाहावं. एका सार्वजनिक इमारतीच्या पायरीवर एक म्हातारी पडलेली आहे, अंगावर कसंबसं टाकलेलं पांघरूण. तिच्यापाशी वाक्याचा वेग तुटतो. वुल्फ बघते, मनाशी प्रश्न विचारते, आणि पुढे जाते, कारण ती थांबली तर फेरफटका संपेल. शेवटी स्ट्रँडवरच्या दुकानात ती पेन्सिल विकत घेते. पायरीवरच्या म्हातारीला कोणतंही निमित्त नाही आणि कुणी तिला ते विचारलेलंही नाही.